उल्का गद्रे आणि अडलेला फर्मा

कुणी कमरजहांबाई तांबोळींना "तुमचं मराठी किती शुद्ध हो" असं म्हणालं, की त्या शांतपणे "तुमचंही बरं आहे" म्हणायच्या आणि पुढचं कार्ड हातात घ्यायच्या. समोरचा माणूस जिना उतरेपर्यंत त्यावर विचार करत राही. मला हे फार आवडायचं. मीही तोंडाची फटकळ, पण माझं फटकळपण महागात पडणारं. एकदा बोलले की आठवडाभर अबोला ठरलेला. बाई मात्र बोलून झालं की त्याच माणसाला हवं ते पुस्तक स्वतः शिडीवर चढून काढून द्यायच्या.

आमची संस्था नारायण पेठेत होती. इतिहास संशोधनाची संस्था, खाली कचेरी, वर ग्रंथालय. बाई ग्रंथपाल, मी टायपिस्ट. श्यामसुंदरराव संचालक. विद्वान माणूस, मनानंही सरळ, पण कुठलंही काम सांगताना शेवटी "लवकर संपवा" हे शेपूट लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दाराशी मच्छिंद्र बसायचा. त्याच्या वहीत नाव लिहिल्याशिवाय तो कुणाला आत सोडत नसे. श्यामसुंदररावांचे सख्खे मेहुणे एकदा बाहेर उन्हात उभे राहिले होते.

बाईंचे वडील दादामियाँ पुस्तकांचे बाइंडर होते. आप्पा बळवंत चौकातल्या दुकानदारांची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे यायची, आणि ती बांधून परत जाईपर्यंत बाई ती वाचून काढायच्या. त्यातूनच त्या एम.ए. झाल्या, ग्रंथालयशास्त्राचा डिप्लोमाही केला. वंशावळी हा त्यांचा विषय कसा झाला, असं लोक विचारायचे, त्यातल्या काहींच्या विचारण्यात एक तिरकस सूर असायचा. बाई सांगायच्या, "आमचा शजरा, म्हणजे वंशावळ, आजोबांपर्यंत जातो. त्याच्या मागे सगळी बाइंडिंगची खळ आहे. स्वतःच्या घराण्याची भानगड नाही, म्हणून मला हे काम निवांत करता येतं."

खरी सुरुवात झाली ती एका परगावच्या अभ्यासकामुळे. त्याला कुठल्याही घराण्याची वंशावळ नको होती. वंशावळींचा अभ्यास कसा करतात, त्या खऱ्या-खोट्या कशा ठरवतात, यावर कुणी काय लिहिलंय ते त्याला हवं होतं. बाईंनी कार्डांचे खण उघडले तर या नावाचा विभागच नव्हता. मग त्या दिवसभर पुस्तकं गोळा करत फिरल्या. एक सापडलं कायद्यात, वारसाहक्काच्या शेजारी. एक वैद्यकात, घराण्यातून उतरणाऱ्या रोगांबरोबर. वतनांचे तंटे इतिहासात, नात्यागोत्यांची पुस्तकं समाजशास्त्रात, आणि एक अगदी उत्तम पुस्तक पशुसंवर्धनात, कारण त्यातली पहिली दोन प्रकरणं घोड्यांवर होती. संध्याकाळी त्यांनी तो ढीग माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाल्या, "हे सगळे एकाच घरातले आहेत हो. नुसते वेगवेगळ्या पेठांत राहतात."

त्या दिवसापासून 'वंशविद्या' नावाचं एक कपाट आमच्याकडे सुरू झालं आणि बाईंची सूचीही. ग्रंथ, नियतकालिकांतले लेख, जुन्या परिषदांमधले निबंध, सगळं विषयवार लावायचं, प्रत्येकाखाली दोन ओळींचा शेरा लिहायचा आणि शेवटी ते पुस्तक म्हणून छापायचं. कपाटाचा नियम एकच होता. एका घराण्याची हकीकत सांगणारं पुस्तक तिथे ठेवायचं नाही. घराण्यांकडे कसं पाहावं हे सांगणारं ठेवायचं.

आता हा नियम पुण्यात राबवायचा म्हणजे काय, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. इथे प्रत्येक घराण्याने आपला कुलवृत्तांत छापलेला. मूळ पुरुष कोकणातून निघाला तिथपासून ते परवा झालेल्या नातवापर्यंत सगळे त्यात हजर. काळी टोपी घातलेले एक आजोबा असाच जाडजूड कुलवृत्तांत घेऊन आले आणि तो वंशविद्येच्या कपाटात, तोही डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा, असं म्हणू लागले. बाईंनी नियम सांगितला. आजोबा तापले. आमचं घराणं शास्त्रात बसत नाही असं आपलं म्हणणं आहे का, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "घराणं बसतं. पुस्तक बसत नाही." आजोबांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि काठी आपटत निघून गेले. ते पुस्तक मग कुलवृत्तांतांच्या कपाटात गेलं. ते कपाट जिन्याखाली होतं आणि आम्ही कुणी सहसा तिथे वाकत नव्हतो.

सूचीचं काम आणीबाणी उठली त्या सुमाराला छपाईला आलं. शेवटचा फर्मा, म्हणजे एका वेळी छापायचा सोळा पानांचा ताव, तेवढा राहिला होता. आणि तिथेच सगळं अडलं.

अडलं ते उल्का गद्रे या बाईंपायी. एका बंद पडलेल्या त्रैमासिकात, एक्कावन्न साली, या बाईंनी खोटी वंशावळ कशी ओळखावी यावर लेख लिहिला होता. वतनासाठी भांडणारे लोक खोटे पूर्वज कसे घुसवतात आणि पिढ्या आणि वर्षं यांचा मेळ घालून ते कसे पकडावेत, हे त्यात इतकं स्वच्छ सांगितलं होतं की टाइप करता करता मीसुद्धा थांबून वाचलं. एका घराण्याने पाच पिढ्या साठ वर्षांत बसवल्या होत्या. त्यावर उल्का गद्रे लिहितात, 'म्हणजे या घरात पोरगा पाळण्यातून उतरला तो थेट बाप होऊनच.' बाईंना हे वाक्य तोंडपाठ होतं. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'मराठीत या विषयाचा पाया घालणारा लेख.' उल्काबाईंचा नंतर एक छोटा लेख आला आणि मग काहीच नाही. बाई हळहळायच्या. एवढी बुद्धी कुठे विरघळून गेली, म्हणायच्या.

आणि मग त्यांना त्रेसष्ट सालच्या एका निबंधसंग्रहात सरोजिनी रिसबूड या बाईंचं प्रकरण सापडलं. तोच विषय, तीच रीत, तेच तंटे, बरीच नवी भर. आणि पाळण्यातून उतरलेला तो पोरगाही जसाच्या तसा. उल्का गद्रेंचं नाव मात्र कुठेही नाही, साधं तळटिपेतही नाही.

बाईंना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शेरा श्यामसुंदररावांनीच सांगितला आणि मी टाइप केला: 'उल्का गद्रे यांच्या लेखाची छाया. ऋणनिर्देश नाही.' विद्वानांच्या भाषेत हे 'चोरी' म्हणण्यासारखंच. एकदा छापलं की रिसबूडबाईंकडे पुन्हा कुणी अभ्यासक म्हणून बघितलं नसतं. मी म्हटलं, त्यांना एकदा विचारून तर बघा. बाई म्हणाल्या, चोराला विचारून चोरी कबूल होते का? रिसबूडबाईंचे यजमान तुरुंग खात्यात होते आणि पत्ता येरवड्याचा होता. तो वाचून बाई एवढंच म्हणाल्या, "पत्ता योग्यच आहे."

पण शेरा छापायला मात्र त्या देईनात. त्यांचं म्हणणं असं, की जिच्या घरचं चोरीला गेलं तिला आधी कळायला हवं. तिचा लेख कुणीतरी जपून ठेवलाय, तिच्या बाजूने कुणीतरी उभं राहिलंय, हे उल्का गद्रेला छापण्याआधी सांगायचं. श्यामसुंदररावांनी "लवकर संपवा" म्हटलं. छापखान्यातून दर दोन दिवसांनी निरोप यायचा की फर्मा कधी देताय, जुळवलेले टाइपाचे खिळे अडकून पडलेत. बाई सगळ्यांना हो हो म्हणत होत्या आणि शोध चालू ठेवत होत्या.

पुण्यात गद्रे किती आहेत हे मला तेव्हा कळलं. बाई रोज संध्याकाळी एकेका गद्र्यांकडे जाऊन यायच्या. शनिवारातल्या एका घरी कळलं की गद्रे मास्तरांची उल्का नावाची हुशार मुलगी होती खरी. मास्तर वारल्यावर बिऱ्हाड मोडलं. उल्काचं लग्न झालं होतं, पण कुणाशी ते शेजाऱ्यांना आठवेना. बाईंना तेवढ्यानेही हुरूप आला. लग्नानंतर आडनाव बदललं असणार, म्हणजे आता उल्का अमुक किंवा उल्का तमुक शोधायची. मग त्यांनी दुसऱ्या ग्रंथालयांच्या सूच्या, विद्यापीठाच्या याद्या, मासिकांच्या अनुक्रमणिका धुंडाळल्या आणि सगळ्या आडनावांच्या उल्का मला टाइप करायला दिल्या. एक उल्का पाककृती लिहायची. दुसरी बालकविता. तिसरीने टेनिसवर लेख लिहिला होता. यातली एकही आमची नव्हती.

डिसेंबरात माझे आबा पुण्याला आले. आबा म्हणजे सर्जेराव, माझे वडील. आमचं माहेर हिंजवडीचं. तेव्हा तिथे नुसती शेतं होती. नवा आंबेमोहोर निघाला की आबा एक पोतडी माझ्या घरी पोहोचवायचे. त्या दिवशी घराला कुलूप दिसलं म्हणून ते पोतडी खांद्यावर टाकून, विचारत विचारत, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कचेरीवर आले. मच्छिंद्रने विचारलं, कुणाला भेटायचंय? आबांनी सांगितलं, शालूला. मच्छिंद्र म्हणाला, शालू नावाचं इथे कुणी नाही. आबा म्हणाले, हाय, माझी लेक हाय. मच्छिंद्रने त्यांना कर्मचाऱ्यांची पाटी दाखवली. आबांना वाचता येत नव्हतं, पण पाटीवर शालू नाही हे मच्छिंद्रने शपथेवर सांगितलं. मग आबा फाटकाबाहेर पोतडीवर बसून राहिले. भांडायला ते काही माझ्यासारखे नव्हते.

छापखान्यात जाऊन परत येताना कमरजहांबाईंना ते दिसले. त्यांनी चौकशी केली.

"माझी शालू हिथं टायपिंग करती," आबा म्हणाले. "ह्यो शिपाई म्हनतोय न्हाई. सासरचं नाव काय तरी मोठं हाय, पर ते माझ्या तोंडात बसत न्हाई."

आमच्याकडे टायपिस्ट एकच होती. बाई आबांना घेऊन वर आल्या. आबांना दारात बघून मी खुर्चीतून उठलेच. बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"वैजयंताबाई, तुम्ही शालू?"

मी म्हटलं, हो, माहेरची. लग्नात सासरच्यांनी वैजयंता ठेवलं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नाव लिहिलं, दुसऱ्या दिवसापासून सगळे त्याच नावाने हाक मारू लागले. यात सांगण्यासारखं काय होतं? आमच्याकडे बहुतेकींचं असंच झालेलं असतं.

बाई तिथेच मटकन बसल्या. आबांना वाटलं, यांना चक्कर आली. ते पाणी मागायला लागले.

"आमच्यात आडनाव बदलतं," त्या म्हणाल्या. "बाईचं नाव नाही बदलत. मी निकाहाच्या आधीही कमरजहां होते, आजही आहे. अहो, मला ठाऊक आहे ही पद्धत, इतक्या लग्नांना गेलेय मी. पण या खणापाशी उभी राहिले तेव्हा डोक्यातच आली नाही."

मग त्या आबांना चहा विचारायचंही विसरल्या आणि दोन कार्डं काढून माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. उल्का त्रेपन्न साली थांबली होती. सरोजिनीचं पहिलं लेखन अठ्ठावन्नचं होतं. दोघी एकच असतील तर स्वतःचंच ऋण कोण मानेल, म्हणूनच ऋणनिर्देश नव्हता. आबांना यातलं काही कळलं नाही, पण आपल्यामुळे काहीतरी बरं घडलंय एवढं त्यांच्या लक्षात आलं. ते पोतडी सावरून सगळ्यांकडे हसून बघत बसले. चहा मी केला.

त्या रविवारी आम्ही दोघी येरवड्याला गेलो. नासिरभाईंनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, आम्हाला रिक्षाने सोडलं. सरकारी वसाहतीत खालच्या मजल्यावर घर होतं. सरोजिनीबाई व्हरांड्यात मेथी निवडत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, जाड चष्मा, पदराला कणकेचा हात पुसलेला. बाईंनी नमस्कार केला, आपण कुठून आलो ते सांगितलं आणि सरळच विचारलं, उल्का गद्रे कुठे असतात, आपल्याला ठाऊक आहे का?

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"मीच ती," त्या म्हणाल्या. "पण त्या नावाने मला हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मग बाईंनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. आपण तुम्हाला चोर ठरवलं होतं, शेरा टाइप होऊन छापखान्यात जायचा तेवढा बाकी होता, तुमचा पत्ता वाचून आपण काय म्हणालो होतो, तेसुद्धा. मी मनात म्हटलं, आता दार दाखवतात. पण सरोजिनीबाई हसायला लागल्या. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आपल्याच घरात आपणच चोरी केली तर पोलीस काय करणार, म्हणाल्या. मग त्यांनी उल्काच्या लेखावर काय शेरा आहे ते विचारलं. बाईंनी पाठ म्हणून दाखवला. पाया घालणारा लेख, हे त्यांनी दोनदा म्हणायला लावलं. त्यांचा आनंद इतका उघड होता की मला बघवेना, मीच मेथी निवडायला घेतली.

नाव का बदललं, ते आतून त्यांच्या यजमानांनी सांगितलं. उल्का म्हणजे आकाशातून पडणारी. त्यांच्या आईचं म्हणणं पडलं की असलं नाव घरात नको. आपल्याला मात्र ते नाव फार आवडलं होतं, असं ते म्हणाले. सरोजिनीबाईंनी वळूनही न बघता विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीत? "तेव्हा आई होती ना," आतून उत्तर आलं.

त्या टोपीवाल्या आजोबांचा उलगडाही तिथेच झाला. ते सरोजिनीबाईंचे सासरे. त्यांच्या कुलवृत्तांतात सुनेच्या नावापुढे माहेरचं नावही छापलेलं होतं. सासरे संस्थेतून भांडून आले तेव्हा दोन दिवस त्यांचं डोकं तापलं होतं, म्हणे. म्हणजे आम्ही पुणं पालथं घालत होतो आणि उल्का गद्रे आमच्याच जिन्याखाली होती. कमरजहांबाईंनी कपाळाला हात लावला. "त्यांना सांगा," त्या म्हणाल्या, "पुस्तक अजूनही त्या कपाटात बसत नाही. पण मी आता वाकून बघत जाईन."

निघायच्या आधी बाईंनी ज्यासाठी आल्या होत्या ते विचारलं. सूचीत नाव कोणतं ठेवायचं? ग्रंथालयाची रीत अशी, की एक नाव मुख्य धरायचं, सगळं लेखन त्याखाली घ्यायचं, आणि दुसऱ्या नावापुढे फक्त 'पाहा' लिहून वाचकाला तिकडे पाठवायचं. तुम्ही म्हणाल ते मुख्य, असं बाई म्हणाल्या.

सरोजिनीबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तांदळात नाव लिहिलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पहिल्या. त्यामुळे मला नीट सांगू द्या. सरोजिनी मला टाकायची नाही. या नावाने मी संसार केला, मुलं वाढवली, आणि सासूबाई झोपल्या की त्या नावाने पुन्हा लिहायला बसले. पण उल्काही टाकायची नाही. तिने ते वाक्य लिहिलं तेव्हा ती बावीस वर्षांची होती. जे जिनं लिहिलं ते तिच्या नावावर ठेवा. फक्त दोघींची एकमेकींशी ओळख करून द्या."

ग्रंथालयशास्त्राला हे मंजूर नव्हतं. बाईंना मी आयुष्यात कधी नियम मोडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी तो सोमवारी सकाळी, आल्या आल्या मोडला. दोन्ही नावं मुख्य ठेवली आणि दोन्हींपुढे 'हेही पाहा' लिहिलं. श्यामसुंदररावांनी जुना शेरा मागून घेतला, स्वतःच्या हाताने फाडला आणि आपणच सांगितलेला होता, असं कबूलही केलं. नंतर "लवकर संपवा" म्हणाले. फर्मा दुपारी गेला. त्यानंतर बाईंनी सूचीतल्या सगळ्या स्त्रियांची जुनी नावं शोधायला घेतली, दुसऱ्या आवृत्तीसाठी. ते काम त्या निवृत्त होईपर्यंत चाललं, आणि मला वाटतं, त्यांना सगळ्यात सुख त्यातच मिळालं. आभारात माझं नाव 'शालू' असं छापलं. मला आधी विचारून.

सूची छापून आली त्या आठवड्यात सरोजिनीबाई स्वतः त्यांची प्रत न्यायला आल्या. चांगली साडी नेसल्या होत्या. मच्छिंद्रने वही पुढे केली. त्यांनी पेन घेऊन एकाखाली एक दोन नावं लिहिली: उल्का गद्रे, सरोजिनी रिसबूड. मच्छिंद्रने वही वाचली, त्यांच्याकडे पाहिलं, मग फाटकाबाहेर डोकावून रस्ता पाहिला.

"दुसऱ्या बाई मागनं येतायत का?"

"आल्यात," सरोजिनीबाई म्हणाल्या. "दोघींना आत सोडा."

कमरजहांबाई एरवी कुणालाही घ्यायला जिना उतरत नसत. त्या दिवशी त्या खाली येऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाल्या, "या उल्काताई." सरोजिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. मच्छिंद्रने मात्र वहीत दोन्ही नावांपुढे वेळ लिहिली आणि वही मिटली.